उशी नावाचा नियम

"नुसतं बघायचं. हात लावायची सोयच ठेवलेली नाही यात," साहेब म्हणाले. "यादी काढा, शेरे लिहा आणि जेवणाच्या सुट्टीआधी माझ्या टेबलावर ठेवा."

बाळंतपणाच्या रजेनंतर तिचा हा तिसरा दिवस. तपासणीवाले येणार, म्हणून हे नवं साधन आणलं होतं. एका मोठ्या संगणकाच्या पोटात चोवीस आभासी संगणक चालत. बाहेरून आलेला निरोप कुठल्या दाराने आत घ्यायचा आणि कुणाकडे धाडायचा, याचे नियम हे साधन ओळीने दाखवी. नियमाचं नाव, तो करणाऱ्याचं नाव, चालू की बंद. बस्स. पूर्वी टीममधला कुणीही उठून असलेला नियम चालू-बंद करू शकत असे. पाच महिन्यांपूर्वी एक वाट उघडी राहिली, बाहेरचं कुणीतरी आत शिरलं, तीन दिवस काम ठप्प झालं. तेव्हापासून सगळ्यांचे हात बांधले गेले. मास्तरांना तर घरीच बसवलं.

मास्तर म्हणजे तिला हे काम शिकवणारा माणूस. सगळं सरळ झालं असतं, तर याच महिन्यात त्यांचा निवृत्तीचा समारंभ असता. त्यांचा कान तुटलेला कप अजून खिडकीत होता. कुणीतरी त्यात पेनं खोचली होती. तिने कळ दाबली.

यादी उतरली. सोळा नियम सरळ गेले. सतराव्यावर तिचं बोट थांबलं.

नियम: उशी. स्थिती: बंद. करणारा म्हणून मास्तरांचं नाव.

मास्तर नियमाला तारखेचं नाव देत. "नियम आहे तो, मांजर नव्हे. लाडाचं नाव कशाला हवं?" असं ते तिलाच दटावत. समोर दिसेल त्या वस्तूचं नाव द्यायची खोड तिची. छत्री, डबा, पंखा. नवव्या महिन्यात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, तेव्हा पाठीशी उशी घेऊन ती उरलेलं काम घरून उरकत होती. त्यासाठी घरापासून आतपर्यंत वाट हवी होती, आणि नवी वाट करायची परवानगी एकट्या मास्तरांना. त्यांनी फोनवर आपला पासवर्ड सांगितला होता. "दोन दिवसांत काढून टाक हं, पोरी. विसरशील." दुसऱ्याच दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या.

मास्तरांना काढल्याचं तिला ऑफिसातल्या मैत्रिणीने कळवलं होतं. कुठली वाट, कसला नियम, हे विचारायला तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाळ रडलं. मग विचारायचं राहिलं. राहिलं की राहू दिलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

जिन्यात जाऊन तिने मास्तरांना फोन लावला.

"आधी सांग, बाळ कसंय? दात आले का?"

"मास्तर, तुमच्या नावावरचा तो नियम..."

"उशी," ते म्हणाले. "पाहिला होता मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू दवाखान्यात. तुला फोन करून विचारू, कळा किती किती वेळाने येतायत, आणि हो, ही वाट तुझीच का?" ते हसले. हसता हसता खोकला आला. "पासवर्ड तर मीच दिला होता. हात वर कसे करणार? म्हटलं, बाळ जरा मोठं होऊ दे. तूच करशील फोन."

छातीत दूध दाटून आलं होतं. ही बाळाला घ्यायची वेळ.

"ठेवतो," मास्तर म्हणाले. "आणि शेरा बिरा लिहीत बसू नकोस. नोकरी नवी मिळत नाही चटकन, लेकुरवाळीला तर नाहीच."

तिने लिहिला. छापून घेतलेल्या यादीवर, सतराव्या ओळीपुढच्या मोकळ्या रकान्यात: 'हा नियम मी केला. मास्तरांचा यात हात नाही.' कागद साहेबांपुढे ठेवला आणि ती उभी राहिली.

साहेबांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? एक फोन. एक फोन केला असतात, तर मी त्यांना हलू दिलं नसतं."

"आता काही..."

"आता त्यांच्या खुर्चीत माणूस बसलाय."

"निदान यादीतलं नाव तरी बदला, साहेब."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "सांगितलं ना तुम्हाला सकाळी. हात लावायची सोय नाही. मलासुद्धा नाही."

ती जागेवर आली. पुन्हा कळ दाबली. यादी उतरली. सोळा नियम सरळ गेले. सतराव्या ओळीत उशी, आणि तिच्यापुढे मास्तरांचं नाव, जिथल्या तिथे.

तिने पुन्हा दाबली.