गुरुवारचं बाकडं

रतन दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि दवाखान्याच्या दारात अडून बसली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "आई, घरी चल," एवढंच म्हणाली आणि बाकड्यावर बसून भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेवंती तिच्या शेजारी टेकली. विठ्ठलवाडीच्या चाळीतून पोरीला कल्याणात आणायला तिला तीन आठवडे लागले होते. एकोणीस वर्षांची पोर. दिवाळीपासून ना धड जेवत होती, ना कॉलेजला जात होती. मागच्या सोमवारी तिच्या उशीखाली चिठ्ठी सापडली. 'माझी वाट बघू नका.' शेवंतीने ती स्टोव्हवर जाळली आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोरगी मोरीत गेली तरी ही दाराबाहेर उभी राहायची.

दर गुरुवारी ठाण्याहून प्रमोदिनीबाई इथे यायच्या. मनाच्या दुखण्याच्या बाई. औषध देत नाहीत, बोलून बरं करतात, असं शेवंतीच्या कानावर आलं होतं. बोलून कुणी बरं होतं का? पण बुडणाऱ्या माणसाने आणखी काय करायचं!

वहीत नंबर लिहिणाऱ्या बायजाने नाव विचारलं, तर शेवंतीने खोटंच सांगितलं. पत्ताही उल्हासनगरचा दिला. चार घरांत कळलं तर उद्या पोरीला कोण करून घेणार? येताना रतनला पढवूनही ठेवलं होतं, की डोकं दुखतं एवढंच सांग, चिठ्ठीचं तोंडातून काढू नकोस.

आणि आता तर पोर आतच जायला तयार नव्हती.

"पहिल्यांदा आलाव?" बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने विचारलं. साठीचा, धुवट पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. बायजाने त्यांना न विचारताच चहा आणून दिला होता. वहीत मात्र त्यांचं नाव लिहिलं नव्हतं.

ते दामाजी, मोहन्याच्या कोळीवाड्यातले. त्यांच्या पोराचं, पंढरीचं, अगदी असंच झालं होतं म्हणाले. जेवण नाही, बोलणं नाही, दिवसभर पांघरूण डोक्यावर. आता बरा आहे, नोकरीला लागलाय. गुरुवारची सुट्टी मिळत नाही, म्हणून बाईंना खुशाली कळवायला तेच येतात.

शेवंतीला गलबलून आलं. या दारातून कुणीतरी बरं होऊन गेलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि मनात साठलेलं एकेक विचारत सुटली.

दामाजींनी न कंटाळता सगळं सांगितलं. इथे शॉकबिक काही देत नाहीत. आत बोललेलं पोरीच्या मर्जीशिवाय आईबापालाही सांगत नाहीत, फक्त जिवाला धोका वाटला तर घरच्यांना हाताशी घेतात. एका खेपेत फरक पडत नाही, कधी कधी पहिल्या दिवशी पोर नुसती बसून राहते, तेही चालतं. या बाईंशी नाहीच जमलं तर तसं सांगावं, त्या दुसऱ्यांकडे पाठवतात.

"खोली कशी आहे हो आतली?" शेवंतीने विचारलं.

"मी कुठं बघितलीय," दामाजी म्हणाले.

मग ते जरा जवळ सरकले. "पोरीला पढवू नका, ताई. काय लिवलं असंल, काय मनात येतंय, ते जसंच्या तसं सांगू द्या. लाज धरलीव तर माणूस जातं. आणि उशीर नका करू. आम्ही केला. आधी भगत केला, मग मामाच्या गावाला धाडला, मग म्हटलं जत्रा होऊ दे."

शेवंतीने मान खाली घातली. चिठ्ठीचं तर ती एक अक्षर बोलली नव्हती.

रतनने भिंतीकडचं तोंड वळवलं. आठवड्यात पहिल्यांदा ती आपणहून परक्याशी बोलली. "पंढरी आता कसा आहे?"

"बरा हाय. सकाळचा भाकर खातो, कामावर जातो. काल तर किती हसला."

रतन त्यांच्याकडे बघत राहिली. दामाजींनी पिशवीचा बंद उगाचच सोडला, पुन्हा बांधला. थोड्या वेळाने ती उठली, बायजाच्या टेबलाशी गेली आणि आपलं खरं नाव, विठ्ठलवाडीचा खरा पत्ता सांगितला. नंबर लागल्यावर एकटीच आत गेली.

पाऊण तास शेवंती दाराकडे डोळे लावून बसली. रतन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. मागून प्रमोदिनीबाई आल्या. रतनच्या परवानगीनेच बोलतेय म्हणाल्या, आणि घरातली औषधं कुलपात ठेवायला, पोरीला एकटं न सोडायला, वडिलांनाही सांगायला बजावलं. पुढच्या गुरुवारचा नंबर रतनने स्वतः मागून घेतला. शेवंतीने दामाजींना वाकून नमस्कार केला.

एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागल्यावर शेवंतीचं तोंड थांबेना. देवमाणूस भेटला म्हणाली. त्यांचा पोरगा बरा झाला ते ऐकूनच तुला धीर आला ना गं? पौर्णिमेला विहारात त्या पंढरीच्या नावाने मेणबत्ती लावीन म्हणाली.

रतन चालता चालता थांबली. तिने आईचा हात घट्ट धरला.

"आई, पंढरी आमच्याच कॉलेजात होता. मागच्या परीक्षेच्या आधी त्याने जीव दिला. शोकसभेला त्याचे बाबा आलेले, हेच. आज ते बोलायला लागले, आणि मला त्या बाकड्यावर त्यांच्या जागी तू दिसलीस."