लिनक्सची दोन पुस्तकं

मिरजेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रांजल तासभर अडकून बसली होती. लिनक्सचे सर्व्हर सांभाळायचं काम शिकायचं, महिन्यावर नोकरीची मुलाखत, आणि हातात दोन पुस्तकं. एक नव्यासारखं, दुसरं कोपरे झिजलेलं. घ्यायचं एकच.

"आये, ह्यातलं कुठलं मला उमजंल गं?"

मेंढरांमागं जन्म काढलेल्या तिच्या आईनं, दगडाबाईनं, दोन्ही पुस्तकं न उघडताच कडेनं निरखली.

"ह्या नव्याची पयली बोटभर पानंच मळल्यात. ह्या झिजक्याची पार शेवटापातूर. हेच घे."

दुकानदार हसला. "मावशी, इंग्रजी येतं व्हय?"

"अक्षरबी येत न्हाई, बाबा. पर मेंढरू कुठवर चरत गेलं, त्ये रान बघून कळतंय की."