शेतीच्या कपाटातला रब्बी

ज्यूंच्या धर्मगुरूला रब्बी म्हणतात, हे अख्ख्या जोयड्यात फक्त शालोम पेणकरांना ठाऊक होतं. सगेसोयरे इस्रायलला गेले, सुपा धरणावरची नोकरी संपली, तरी हे इथेच राहिले. त्यांनी वाचनालयाला दिलेला रब्बींवरचा ग्रंथ शेतीच्या कपाटात गेला, आणि एके दुपारी गावातला शेतकरी परशू तो काखेत मारून दारात उभा राहिला. ‘सायब, भातानंतर रब्बीला चवळी करीन म्हणून न्हेलं. पण ह्यात खताचं काय न्हाई. एक म्हातारा देवाशीच भांडतोय, आणि देव गप ऐकून घेतोय. असं कसं?’ पेणकर गडबडले. देवाविषयी त्यांच्याशी शेवटचं बोलली ती बायको, आणि तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे शेतीचं पुस्तकच नाही असं खरं सांगावं, तर परशू पुस्तक ठेवून आल्या पावली परतणार. ‘बस. खत पुढच्या प्रकरणात हाय,’ म्हणत पेणकरांनी फळीवरचा दुसरा कप धुवायला घेतला.