पांढरा दुपट्टा

जमुनाचे बाबूजी बिरसीच्या धावपट्टीवर चौकीदार होते. विमानाची घरघर ऐकू आली की ते आधी गुरं हाकलायचे आणि मग पट्टीच्या टोकाला उभं राहून खांद्यावरचा पांढरा दुपट्टा हलवायचे. एकदा तिथं चहा पिता पिता एक वैमानिक त्याला विमान कसं कसं उतरवायला आवडतं ते रंगवून सांगत होता. डोंगरांच्या फटीतून शिरणं, नदीच्या पाण्यावरून खाली येणं, फुललेल्या पळसाच्या रानाला वळसा घालून टेकणं.

"मंग साहेब, सगळ्यात कठीण उतरणं कोणतं?" बाबूजींनी विचारलं.

"जिथं खाली कोणी उभं नसतं, ते."

जमुना सासरहून यायची तेव्हा बाबूजी फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली उभे असायचे आणि तोच दुपट्टा हलवायचे. सारी मोटार हसायची. ती लाजून लाल व्हायची.

"बाबूजी, मोटार का आभायातून येते? कायले हलवता?"

"तुले दिसाले पायजे ना, बाई."

बाबूजी गेल्यावर जमुना पहिल्यांदाच एकटी माहेरी आली. फाट्यावर मोटार थांबली. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता आणि तो कुणी तुडवला नव्हता. जमुनानं गाठोडं काखेत घेतलं, दाराचा दांडा धरला आणि एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा काही उचलेना.

"गाव आलं ना, बाई," मागून कंडक्टर म्हणाला. "काऊन उभ्या राहिल्या?"