अक्षदांच्या आधीचा टॉवेल

खडकवस्तीला आघाडीत घेतलं. सहाही गावांच्या कारभाऱ्यांनी माना हलवल्या, माईकवर जाहीर झालं, फटाक्यांची माळ वाजली, नजीरमामूंनी दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबला. थोड्या वेळाने असं ठरलं की यातलं काहीच झालं नाही. फटाके लग्नाचे होते. पेढेही लग्नाचेच.

लग्न खरोखरच होतं. द्वारकाबाईच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं, वस्तीवरच्याच मांडवात.

आघाडी गोदाकाठच्या सहा गावांची. नियम असा की एका गावात केबलचोर शिरला म्हणजे तो सहाही गावांत शिरला असं धरायचं आणि सगळ्यांनी काठ्या-बॅटऱ्या घेऊन पळत सुटायचं. नवीन कुणाला घ्यायचं तर सहाही कारभाऱ्यांचा होकार लागतो. खडकवस्ती म्हणजे मोजकी घरं आणि एक विहीर. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. तिसरी आणली ती द्वारकाबाईने बसवलीच नाही. ती तिच्या पलंगाखाली निजायची. बाहेर मोसंबीची पानं वळत चालली होती, पण आघाडीत गेल्याशिवाय केबल घराबाहेर काढायची नाही, हे वस्तीचं संरक्षण धोरण होतं.

म्हणून सहाही कारभारी लग्नाला बोलावले. आणि माना हलवून, पेढे खाऊन झाल्यावर धारगावच्या कारभाऱ्यांनी, काकासाहेबांनी, अंगावरचा मानाचा टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला.

"माझं नाव शेवटी पुकारलं," ते म्हणाले.

माईक नजीरमामूंच्या हातात होता. वस्तीवर लग्न कुणाचंही असो, टॉवेल-टोपी-नारळाला नावं तेच पुकारतात. "मोठा मानूस म्हनून शेवटी ठेवलं, काकासाहेब. सभेत बी मेन पाहुना शेवटीच राह्यतो."

"मेन पाहुणा शेवटी बोलतो, मामू. टॉवेल शेवटी घेत नसतो. धारगावचा होकार न्हाई."

"मंग आत्ता पयले पुकारतो की. नवा टॉवेल देतो. बिलकुल कोरा."

"अक्षदा पडल्या का न्हाई? अक्षदांनंतर दिला तो नुसता टॉवेल. मान अक्षदांच्या आधी असतो."

हे मांडवातल्या सगळ्यांनाच मान्य होतं. सहा कारभाऱ्यांतलेच एक, आघाडीचे अध्यक्ष सर्जेराव खुर्ची पुढे ओढून बसले. मग म्हणाले, "अक्षदा पुन्हा टाका."

प्रियदर्शनी जेवायला बसली होती. तिला अर्ध्या जिलेबीवरून उठवलं. गुरुजींची मोटारसायकल चालू झाली होती, ती बंद करायला लावली. अक्षदा संपल्या होत्या, तेव्हा खाली पडलेल्याच वेचून वाटल्या. त्यात थोडी खडी आली. फोटोग्राफरने नवरदेवाला विचारलं, "सेम पोज द्यायची का पहिल्यांदाच होऊन राह्यलंय असं दाखवायचं?" नवरदेव राजानंद मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "तुमच्या हिशोबानं."

नजीरमामूंनी या वेळी काकासाहेबांना सगळ्यात आधी पुकारलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, पुन्हा अक्षदा पडल्या, एका मावशीला खडा लागला. काकासाहेबांनी मान हलवली. आता अध्यक्षांनी पुन्हा जाहीर करायचं तेवढं राहिलं. सगळ्यांनी सर्जेरावांकडे पाहिलं.

सर्जेराव टॉवेलाची घडी घालत होते.

"मघाशी मी पहिला होतो. आता दुसरा," ते म्हणाले.

"आबा, तुमीच म्हन्ले ना, पुन्हा टाका म्हनून?" द्वारकाबाईचा आवाज चढला.

"अक्षदा टाका म्हणलो, काकू. अध्यक्षाला दुसऱ्या नंबरवर टाका असं न्हाई म्हणलो."

नजीरमामूंनी उपाय काढला: सहा माणसांनी सहा नावं एकाच दमात पुकारायची, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण हे वरच्यालाही कळणार नाही. कारभाऱ्यांना ते पटलं. गुरुजींनी पुन्हा खिशातून चष्मा काढला.

तेवढ्यात नवरी बोलली. "दोनदा एकाच मानसासंग लागलंय. तिसऱ्यांदा लावायचं तर नवरा तरी बदला."

राजानंदने पहिल्यांदाच मोबाइलमधून डोकं वर काढलं.

तिसऱ्या अक्षदा राहिल्याच. कारभाऱ्यांच्या जीपगाड्या निघाल्या. प्रत्येक कारभाऱ्याकडे दोन-दोन टॉवेल झाले होते. सर्जेरावांनी खिडकीतून हात जोडले. "नाराज होऊ नका, काकू. वस्तीचा प्रस्ताव मंजूरच हाये. फक्त होकार बाकी हाये. पुढचं लग्न कधी हाये वस्तीवर?"

वस्तीवर लग्नाचं आता कुणी उरलं नव्हतं. पुढचा नंबर नजीरमामूंच्या नातीचा, आणि ती यंदा दुसरीत गेली होती.

द्वारकाबाई घरात गेली. पलंगाखालचं वेटोळं ओढून काढलं, लग्नातल्या नव्या लुगड्यावरूनच खांद्यावर टाकलं आणि विहिरीकडे निघाली.

"भाभी, करार झाला न्हाई अजून!" नजीरमामू मागून ओरडले.

"झाडं काय कराराची वाट पाहून राह्यली?"

दिवस मावळायच्या आत मोसंबीला पाणी सुटलं. मोटारीचा आवाज पार हायवेपर्यंत जात होता, म्हणजे ज्याला ऐकायचा त्याने ऐकला असणार. नजीरमामूंनी मांडवावरचा नवरा-नवरीचा फ्लेक्स उतरवला, पालथा केला आणि ब्रश घेऊन बसले. आघाडीला इतके अर्ज केले होते की भाषा त्यांना पाठ झाली होती. शहागडहून येणाऱ्या रस्त्याला वस्तीचा फाटा फुटतो, तिथे तो फ्लेक्स अजून बांधलेला आहे:

"प्रति, समस्त केबलचोर बांधव. विषय: मुदत मिळणेबाबत. महोदय, खडकवस्तीचा आघाडी प्रवेश तांत्रिक कारणाने प्रलंबित आहे. तरी सर्वानुमते निर्णय होईपर्यंत सदर विहिरीवरील चोरीचे काम स्थगित ठेवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती."