मागच्या रांगेतला खोकला

तिसऱ्यांदाही लॅपटॉपनं तेच सांगितलं. प्लेअर जोडणी घेत नाही.

अनमनं नवऱ्याचा मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला. पेनड्राइव्ह प्लेअरला लावायचा. ट्रे आपोआप बाहेर आला की डिस्क ठेवायची. ट्रे आत गेला की लॅपटॉपवर प्लेअरचा नंबर टाकायचा. मग डिस्कमधलं सगळं लॅपटॉपमध्ये उतरतं. कैसनं दोहाहून क्रमवार लिहून पाठवलं होतं आणि तिनं क्रमवारच केलं होतं.

आतल्या खोलीत यशरा खोकली. अनमची बोटं थांबली. कोरडा. नुसता घशातला, छातीत उतरलेला नाही. नऊ महिन्यांच्या लेकीचा खोकला ती आता भिंतीपलीकडून ओळखायची.

"मी बघते तिला, तू बस," म्हणत सासूबाई तैयबा आत गेल्या आणि नातीला खांद्यावर टाकून बाहेर आल्या.

"असरच्या नमाजाआधी व्हईल ना गो?" सासरे नजमुद्दीन खुर्ची ओढून जवळच बसले होते. "सहाला निकेत येतोय."

प्लेअर नागावच्या निकेतचा. त्याच्या होमस्टेमधून एका दिवसापुरता मागून आणलेला. डिस्कमधला मागच्या स्पीकरांसाठीचा भाग लॅपटॉपला वाचता येत नाही, असल्याच प्लेअरला येतो.

अनमनं टीव्हीवर प्लेअरची माहिती उघडली. नंबराच्या शेवटी चौदा. तिच्या कागदावर अकरा होते. सकाळी तर आठ होते.

"प्लेअर कुणी बंद केलेला का?"

"मी," तैयबा म्हणाल्या. "भिंतीवरचं बटन. लाईट कमीजास्त व्हते. लोकाची वस्तू जळली म्हंजे?"

"अम्मी, बटन बंद केलं की राउटर त्याला नवा नंबर देतो. मी सकाळपासून जुन्याच नंबराला हाका मारतेय."

"मग नको मारू."

नजमुद्दीन हसले. "बघ, वीस वरसं झाली, अजून झोंबतंय. अगो, ज्या खोकल्यानं मला कुवेतातून उचलून म्हसळ्यात आणून टाकला, तो एकदा ऐकू तरी दे मला."

"लोक रेकॉर्डिंगं ऐकतात. ह्यांना बायकोचा खोकला ऐकायचाय."

"हॉलमधला माझा लाईटचा जॉब गेला त्याच्यापायी. साहेबाला न विचारता हिला मागच्या रांगेत बसवलेली. पोराबाळांना तर आत सोडतच नव्हते. कैसला ताप, म्हणून त्याला शेजारच्या मल्याळी बाईकडं ठेवला. आणि व्हायोलिनवाला अगदी हळू झाला, रेकॉर्डिंग चालू, नेमकी तेव्हाच ही..."

"खोकले. मग? फाशी द्या."

रेकॉर्डिंगवाल्यानं पुढं त्या मैफलीची ही डिस्क नजमुद्दीनना पाठवली होती. घरातल्या दोन स्पीकरवर तिच्यात खोकला कधी ऐकू आला नाही. तो पुसलाय, असं कैसचं म्हणणं. पण मागच्या स्पीकरांसाठी हॉलचा आवाज वेगळा घेतलेला असतो, त्यात राहिला असेल. खाली त्यानं लिहिलं होतं : सापडला तर पाठव. अम्मीचा फोन आला की तोच वाजवीन.

अनमनं चौदा टाकले. लॅपटॉपवर ओळी सरसर खाली धावायला लागल्या.

"अम्मी, आता बटनाला हात नको हं."

 यशराच्या पाठीवरून तैयबांचा हात फिरत राहिला.

चाळीस मिनिटं गेली. अनमनं मागच्या स्पीकरांचा आवाज तेवढा वेगळा केला, नजमुद्दीननी सांगितलेल्या जागी आणला आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डावा कान सोडून दिला, त्यानं त्यांना कमीच ऐकू येई. उजवा तळहातानं दाबून धरला. जरा वेळ चेहरा तसाच. मग मांडीवर थाप मारली.

"हीच! शंभरात ओळखीन. अजून अशीच खोकते."

"मग मी काय सांगत होते?" तैयबा म्हणाल्या.

नजमुद्दीन खुशीत उठले. टोपी घातली, चप्पल पायात सरकवली आणि मशिदीच्या वाटेला लागले. फाटकाशी कुणाला तरी मोठ्यानं सलाम केलेला घरात ऐकू आला.

कैसला तेवढाच तुकडा कापून पाठवायचा म्हणून अनमनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

आधी दूरवर व्हायोलिन. कुणाची तरी खुर्ची करकरली. मग जवळून, अगदी जवळून, दोन ढासा. कोरड्या, आखूड, लहानशा छातीतून आलेल्या. तिसरी निघता निघताच दबली. वरून तळहात आला होता.

तिनं मागं नेऊन परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

हेडफोन काढला तेव्हा तैयबा तिच्याकडेच बघत होत्या. यशरा त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"ताप किती होता?" अनमनं विचारलं.

"हाताला चटका बसत होता," तैयबा म्हणाल्या. "पोराला असा कुणाकडं टाकून जाणार? अबायाच्या घोळात घेऊन बसले."

बाहेर असरची अजान सुरू झाली. तैयबांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. अजान संपली. तेवढ्यात फोनवर कैसचा मेसेज आला : काय झालं? सापडला? पाठव ना.

अनमनं आधी लॅपटॉपवरचं सगळं पुसलं. नंतर फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज पाठवायचं बटन दाबून ठेवलं.

"सापडला. अब्बांनी ऐकला, अम्मींचाच होता. पण सेव्ह व्हायच्या आत अम्मींनी भिंतीवरचं बटन बंद केलं. सगळं गेलं."

प्लेअरचा निळा दिवा समोर जळत होता. तैयबांनी यशराला हळूच अनमच्या मांडीवर दिलं, भिंतीपाशी गेल्या आणि बटन बंद केलं.