दर चार सेकंदांनी

ती बोलायला लागली, की नवरा दर चार सेकंदांनी मान हलवायचा. समुपदेशक बाईंकडे जाऊन आल्यापासून तो फोन पालथा ठेवायचा, तिच्याकडे वळून बसायचा आणि म्हणायचा, "कळतंय गं मला, तुला काय वाटत असेल ते." त्या वाक्याच्या भरवशावर वेगळं राहायचा निर्णय तिने वर्षभर गिळला होता.

आज आईच्या आजाराबद्दल सांगताना ती वाक्याच्या मध्येच थांबली. मान मात्र हलत राहिली. प्रयोगशाळेतली बाई ती, खातरजमा केल्याशिवाय कशी राहील?

"आज आम्ही परीक्षानळीत हत्ती भरला."

"कळतंय गं मला, तुला काय वाटत असेल ते."


"उद्यापासून मी वेगळी राहणार आहे," ती म्हणाली.

चौथ्या सेकंदाला मान हलली.